पुढची लेन्स कोणती? आधी तुमचेच फोटो मोजा

‘पुढची लेन्स कोणती घेऊ?’ असं कोणी विचारलं की मी आधी दोन गोष्टी विचारतो. गेल्या वर्षभरात काढलेल्या फोटोंपैकी तुम्हाला मनापासून आवडलेले कुठले? आणि कुठला फोटो हवा होता, पण मिळाला नाही? बजेट, कंपनी, कोणी कुठे काय शिफारस केली, हे सगळं त्यानंतर. बहुतेकांची लेन्स या दोन उत्तरांतच ठरते, फक्त ती उत्तरं आकड्यांत मांडावी लागतात. ते कसं करायचं, ते क्रमाने सांगतो. उदाहरणं ठाणे आणि नवी मुंबईची आहेत, कारण इथे खाडी, जंगल, तलाव आणि सणांची गर्दी सगळं हाताशी आहे आणि प्रत्येक जागेची मागणी वेगळी आहे. हिशेब एपीएस-सी (मध्यम आकाराचा) सेन्सर आणि १८-५५ एमएमची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच येणारी लेन्स, धरून केला आहे. एमएमचा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं. हौशी मंडळींकडे बहुधा तेच असतं.

१. आवडलेले फोटो वेगळे काढा

वर्षभरातले शंभर-दीडशे आवडते फोटो एका फोल्डरमध्ये घ्या. सगळे घेऊ नका. सगळ्या फोटोंत सवय दिसते, आवडत्या फोटोंत तुमची नजर दिसते. प्रत्येक फोटोच्या माहितीत तो किती एमएमवर काढला ते नोंदलेलं असतं. लाइटरूम वापरत असाल तर फोकल लेंग्थचा फिल्टर लावा, नसेल तर डिजीकॅम हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. तेही नको असेल तर कागदावर चार रकाने पाडा: १८ ते २४, २५ ते ४०, ४१ ते ५४ आणि ५५.

ढीग ५५च्या रकान्यात साचला असेल तर तुम्ही लेन्सच्या टोकाला जाऊन अडकताय. १८वर साचला असेल तर वाइड अँगलचा (आणखी रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सचा) विचार करा, पण आधी त्यातले किती फोटो दोन पावलं मागे जाऊन काढता आले असते ते बघा. बेलापूरच्या महापालिका मुख्यालयासमोर मागे सरकायला भरपूर जागा आहे. ठाण्यातल्या जुन्या गल्लीत नाही. आणि ढीग मधल्या दोन रकान्यांत असेल तर तुम्हाला लांबचंही नको आणि रुंदही नको. तुमची अडचण बहुधा उजेडाची आहे. ती चौथ्या पायरीत येईल.

२. क्रॉपचा हिशेब करा

नेमका आकडा हाती लागतो तो इथे, आणि हे फार कमी लोक करतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो. तुम्ही ५५ एमएमवर काढलेला फोटो कापून २००० पिक्सेल ठेवला असेल, तर चौकट तिपटीने लहान केली. म्हणजे तुम्हाला खरं तर ५५ गुणिले ३, १६५ एमएमची लेन्स हवी होती. असे वीस-पंचवीस कापलेले फोटो घेऊन गुणाकार करा. उत्तरं दीडशे ते अडीचशेच्या दरम्यान येत असतील तर ५५-२५० किंवा ७०-३०० पुरेल. पाचशेच्या पुढे जात असतील तर मोठ्या लेन्सची भाषा सुरू होते.

चौकट दीड पटीहून जास्त लहान केली नसेल तर लेन्स घेऊच नका. ४००० पिक्सेलचा फोटो ए-३ आकारात छान छापला जातो.

३. अंतर मोजा, मग एमएम ठरवा

इथे येणारा प्रत्येक जण कधी ना कधी फ्लेमिंगोंसाठी मोठी लेन्स घ्यायच्या विचारात पडतो. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा) दर्जा मिळाला, आणि साधारण नोव्हेंबर ते मे या काळात पक्षी इथे असतात. त्यामुळे हा हिशेब जरा सविस्तर करू.

लहान फ्लेमिंगो उभा राहिला की साधारण नव्वद सेंटीमीटर भरतो. तो ६० मीटरवर असेल आणि तुमच्याकडे ३०० एमएमची लेन्स असेल, तर सेन्सरवर त्याची उंची साडेचार मिलिमीटर येते. सेन्सरची उंची साडेपंधरा. म्हणजे पक्षी चौकटीच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी. ६०० एमएम लावली तर नऊ मिलिमीटर, निम्म्याहून थोडा जास्त. आता तोच पक्षी ३० मीटरवर आणा: ३०० एमएमवरही तेच नऊ मिलिमीटर येतात. अंतर निम्मं करणं आणि लेन्स दुप्पट करणं, पक्ष्याच्या आकारापुरतं दोन्ही सारखंच.

म्हणून माझा आग्रह असा की मोठ्या लेन्सचे पैसे मोजण्याआधी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीची फेरी करा. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून जा, कारण बोटी पाण्याच्या पातळीनुसार चालतात आणि पक्षी कुठे उतरतील तेही पाण्यावरच ठरतं. नेरूळच्या पाणथळीवर जाणार असाल तर सकाळी लवकर पोहोचा. ऊन चढलं की तापलेल्या चिखलावरची हवा थरथरू लागते आणि लांबच्या पक्ष्याच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. तो दोष लेन्सचा नसतो, आणि कितीही महागडी लेन्स त्यावर उपाय करू शकत नाही.

थवा, उडणारी रांग, मागे उभ्या इमारती असा फोटो तुमचा असेल तर ७०-३०० आयुष्यभर पुरेल. एकट्या पक्ष्याचा डोळा टिपायचा असेल तर १५०-६०० सारखी लेन्स लागते. ती सुमारे दोन किलोची असते. सकाळच्या गर्दीत ती पाठीवर घेऊन लोकलमध्ये चढायची तयारी आहे का, याचं उत्तर घरी बसून देऊ नका. दोन किलोचा तांदूळ बॅगेत घालून एकदा ठाणे ते नेरूळ जाऊन या.

शटरचंही लक्षात ठेवा. ३०० एमएम हातात धरून स्थिर फोटो हवा तर एपीएस-सीवर साधारण १/५०० सेकंद तरी लागतो, उडत्या पक्ष्यासाठी १/२००० पर्यंत जावं लागतं. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचं थरथरणं सावरतं, पक्ष्याचे पंख थांबवत नाही. येऊरच्या झाडीत तर सकाळीही उजेड कमी असतो. तिथे एफ ६.३ची लांब लेन्स लावली (एफचा आकडा मोठा, तितका प्रकाश कमी) की आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, चढतच जातो आणि फोटो खरबरीत होतो.

४. उजेड मोजा

दिवाळी पहाटेला तलावपाळीची गर्दी, नाट्यगृहातला रंगमंच, घरातली संध्याकाळची आरती. इथे किट लेन्स हात टेकते, कारण ५५ एमएमवर तिचा अपर्चर (प्रकाश आत घेणारं छिद्र) एफ ५.६च्या पुढे उघडत नाही. एफ १.८ची प्राइम लेन्स, म्हणजे झूम नसलेली एकाच एमएमची लेन्स, त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश घेते. १/१२५ शटर ठेवून किट लेन्सला आयएसओ ६४०० लागत असेल, तर प्राइमला साधारण ६४० पुरतो. फरक पडद्यावर बघितला की लगेच कळतो: साडीचा पोत, कपाळावरचं कुंकू, निरांजनाच्या उजेडातला आजीचा चेहरा, सगळं स्वच्छ येतं.

पण एक भान ठेवा. ५० एमएम, एफ १.८ आणि दीड मीटर अंतर असेल तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सहा सेंटीमीटर जाडीचा असतो. दोन माणसं मागेपुढे बसली की एक जण धूसर. कुटुंबाच्या फोटोला एफ ४ ठेवायला शिका.

५. पन्नास की पस्तीस? खोलीची रुंदी बघा

‘पहिली प्राइम ५० एमएम’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. लेन्स स्वस्त आहे, हलकी आहे, उत्तम आहे. मात्र एपीएस-सीवर तिचा दृश्यकोन फुल फ्रेमच्या (त्याहून मोठ्या, फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या) ७५ एमएम इतका अरुंद होतो. पाच फूट सात इंचाचा माणूस उभ्या चौकटीत डोक्यापासून पायापर्यंत बसवायचा तर ५० एमएमने तुम्हाला बारा फूट मागे जावं लागतं, आणि डोक्यावर, पायाखाली जरा मोकळीक हवी तर आणखी. ३५ एमएमने साडेआठ फुटांत काम होतं. आपल्याकडच्या वन बीएचकेच्या हॉलची रुंदी साधारण दहा फूट, त्यात एका बाजूला सोफा. हा हिशेब केला की घरातल्या, मुलांच्या, समारंभाच्या फोटोंसाठी ३५ घ्यावी असंच मी सांगेन. चेहऱ्यांचे, बागेतले, मंचावरचे फोटो जास्त असतील तर ५० किंवा ८५.

घ्यायच्या आधी एक आठवडा किट लेन्सची रिंग ३५वर चिकटपट्टीने बांधून टाका. पुढचा आठवडा ५०वर. कुठल्या आठवड्यात हात आखडला ते तुम्हालाच कळेल.

गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेसारख्या गर्दीत मात्र मी प्राइमचा आग्रह धरणार नाही. ढोल-ताशा पथक अंगावर येतं आणि दोन मिनिटांत पुढे निघून जातं. तिथे झूमच बरी. १७-५० एफ २.८ ही इतर कंपन्यांनी बनवलेली लेन्स सेकंड हँड बाजारात मिळते आणि किट लेन्सची जागा पूर्णपणे घेते.

६. मॅक्रो खरंच हवी आहे का?

घोडबंदर रोडवरच्या ओवळेकर वाडीत फुलपाखरं बघून आलेले अनेक जण मॅक्रो (लहान वस्तू अगदी जवळून टिपणाऱ्या) लेन्सच्या मागे लागतात. खरी मॅक्रो एकास एक प्रमाणात फोटो काढते, म्हणजे तुमच्या चौकटीत साडेतेवीस मिलिमीटर रुंदीची वस्तू मावते. प्लेन टायगर हे फुलपाखरू पंख पसरून सात-आठ सेंटीमीटरचं भरतं. ते एकास एकवर मावणारच नाही! फुलपाखरासाठी एकास चारच्या आसपास प्रमाण पुरतं, आणि अनेक टेलिझूम (लांबचं टिपणाऱ्या झूम) लेन्स तिथवर पोहोचतात, शिवाय लांबूनच फोटो मिळाल्याने फुलपाखरू उडून जात नाही. मुंग्या, कोळी, फुलातले परागकण यांत जीव रमत असेल तर मॅक्रो जरूर घ्या. ९० ते १०५ एमएमची घ्या.

७. माउंट (बॉडीवर लेन्स जिथे बसते तो जोड) तपासा

निकॉन डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीत फोकस फिरवणारी मोटर नसते. त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्सवर ऑटोफोकस चालत नाही. एएफ-एस किंवा एएफ-पी बघा. कॅननची ईएफ लेन्स अडॅप्टर लावून आरएफ माउंटच्या मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर चालते, आरएफ लेन्स मात्र आरसा असलेल्या जुन्या डीएसएलआरवर बसत नाही. डीएसएलआरवाल्यांनी आता नवी लेन्स घेण्यापेक्षा चांगली जुनी घ्यावी असं माझं मत आहे. लोक मिररलेसकडे वळत असल्यामुळे चांगल्या स्थितीतल्या लेन्स बाजारात येत आहेत.

८. आधी भाड्याने आणा

डिपॉझिट आणि ओळखपत्र देऊन मुंबई परिसरात लेन्स भाड्याने मिळतात. शनिवार-रविवारसाठी आणा आणि ज्या ठिकाणी तुम्ही खरोखर जाता तिथेच वापरा. परत दिल्यावर काढलेल्या फोटोंचा पहिल्या पायरीसारखाच हिशेब करा: १५०-६०० आणली होती, पण आवडते फोटो सगळे २५०च्या आत निघाले, असं अनेकदा दिसतं.

९. सेकंड हँड घेताना

सीएसएमटीजवळच्या बोरा बाजारात जा किंवा कोणाकडून थेट घ्या, तपासणी तीच. मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून लावा, अपर्चर पूर्ण उघडा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे चार कण असतील तर काही बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती फंगस आहे. लेन्स परत ठेवा. अपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक नको. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा फोटोत सहसा दिसत नाही, मागच्या काचेवरचा दिसू शकतो. स्क्रूंची डोकी घासलेली असतील तर लेन्स कधीतरी उघडली गेली आहे.

मग भिंतीवर वर्तमानपत्र सपाट चिकटवा, कॅमेरा त्याच्या अगदी समोर टेबलावर किंवा ट्रायपॉडवर ठेवा आणि पूर्ण उघड्या अपर्चरवर फोटो काढा. चारही कोपऱ्यांतली अक्षरं मोठी करून बघा. चारही थोडी मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव आहे. एकच कोपरा पुसट असेल तर आतल्या काचा सरकल्या आहेत. तीन फोटो काढा म्हणजे फोकसची चूकही वेगळी काढता येते. बिल आणि सिरियल नंबर जुळवून घ्या. नवी लेन्स फारच स्वस्तात मिळत असेल तर भारतातली वॉरंटी आहे का ते कागदावर बघा. बिलाशिवायच्या ग्रे मार्केटच्या (अधिकृत वितरकाला वगळून आलेल्या) मालाला ती नसते.

१०. पावसाळ्याचे पैसे बजेटमध्ये धरा

आपल्या हवेत जून ते सप्टेंबर लेन्स बॅगेत पडून राहिली की फंगस लागण्याची भीती असते. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवायची. ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर उत्तम. नसेल तर रबरी कड असलेला मोठा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटं आर्द्रतामापक, एवढ्यावर भागतं. सिलिका जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर कोरडं करून, गार झाल्यावर परत ठेवा. चामड्याचं किंवा कापडी कव्हर डब्यात घालू नका, ते ओल धरून ठेवतं. आणि आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून झूम आणि फोकसच्या रिंगा फिरवा, दोन फोटो काढा. पावसात भिजून आलात तर लेन्स आधी पुसून पंख्याखाली पूर्ण सुकवा, मगच डब्याचं झाकण लावा.