सोलापूरहून अमेरिकेत आलेल्यांसाठी: क्रेडिट रिपोर्टवरील कलेक्शनची नोंद

सोलापूरहून शिकायला किंवा नोकरीला अमेरिकेत आलेल्या मुलामुलींपैकी काहींच्या क्रेडिट रिपोर्टवर (कर्जे व बिले कशी फेडली याच्या अहवालावर) वर्षा-दोन वर्षांत एखादी कलेक्शनची, म्हणजे थकीत बिल वसुली एजन्सीकडे गेल्याची, नोंद उमटलेली आढळते. कारण बहुधा साधे असते. घर बदलताना इंटरनेटचे शेवटचे बिल किंवा इमर्जन्सी रूमचे बिल जुन्या पत्त्यावर जाते आणि मूळ कंपनी ते येणे वसुली एजन्सीकडे सोपवते किंवा तिला विकून टाकते.

घरी हे कळले की सोलापुरात पहिला विचार होतो तो पैसे भरून मोकळे होण्याचा. मागे सुट्टीत जुळे सोलापुरात एका मित्राकडे गेलो असता त्याने मुलीला आलेले एजन्सीचे पत्र मोबाइलवर दाखवले आणि मुदत ठेव मोडून उद्याच पैसे पाठवतो, असे तो म्हणाला. मूळ धनको कोण, रक्कम कशाची आणि हरकत घेण्याची शेवटची तारीख कोणती, एवढे आधी पाहू, असे मी सुचवले. रकमेचा मोठा भाग परत न केलेल्या मोडेमचा होता. प्रत्यक्षात मोडेम परत केल्याची पावती मुलीच्या ईमेलमध्येच होती.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की आधी लेखी पुरावा मागावा आणि पैशाचा विषय नंतर काढावा. १९७७ च्या वसुलीविषयक संघीय कायद्यानुसार एजन्सीने पहिल्या संपर्कातच किंवा त्यानंतर ५ दिवसांत येणे असलेल्या रकमेचा तपशील कळवावा लागतो, आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत तुम्ही लेखी हरकत घेतली तर पडताळणी पाठवेपर्यंत तिला वसुली थांबवावी लागते. फोनवर देणे कबूल करू नये आणि ‘थोडे तरी भरा’ या आग्रहाला बळी पडू नये, कारण अनेक राज्यांत अंशतः भरणा केल्याने कोर्टात वसुलीचा दावा लावण्याची मुदत पुन्हा नव्याने सुरू होऊ शकते. पत्र सर्टिफाइड मेलने पाठवावे व पोचपावती जपून ठेवावी.

रिपोर्ट तीन ब्युरोंकडे, म्हणजे ही माहिती गोळा करून ठेवणाऱ्या कंपन्यांकडे, असतो: इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन. ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉमवर तिन्ही रिपोर्ट दर आठवड्याला विनाशुल्क पाहता येतात. नोंद चुकीची असेल तर ती ज्या ज्या ब्युरोकडे दिसते तिथे स्वतंत्र तक्रार करावी आणि सोबत पावतीची प्रत जोडावी. ब्युरोला साधारणपणे ३० दिवसांत चौकशी पूर्ण करावी लागते, आणि माहितीची पडताळणी होऊ शकली नाही तर ती नोंद काढावी किंवा दुरुस्त करावी लागते.

देणे खरे असेल तर मार्ग अवघड होतो. पैसे भरल्याने नोंद आपोआप जात नाही. तिच्यापुढे ‘भरले’ एवढेच लागते. मूळ थकबाकी सुरू झाल्यापासून सुमारे ७ वर्षे ती राहू शकते, मात्र खाते दुसऱ्या एजन्सीला विकले गेले तरी ही मुदत नव्याने मोजता येत नाही, त्यामुळे रिपोर्टवरची तारीख बारकाईने तपासावी. पूर्ण रक्कम देण्याच्या बदल्यात नोंद काढण्याची विनंती करता येते. एजन्सीवर तसे बंधन नसते, म्हणून होकार मिळालाच तर तो लेखी हाती आल्यावरच पैसे द्यावेत. होकार नाही मिळाला तरी खरे देणे फेडणे व्यर्थ जात नाही, कारण रिपोर्टवरून पतगुण (क्रेडिट स्कोअर) काढणाऱ्या फायको ९ सारख्या नव्या पद्धती फेडलेली कलेक्शन धरत नाहीत. फायको ८ मात्र धरते, आणि अनेक बँका अजून तीच वापरतात.

रुग्णालयाच्या बिलांचा नियम वेगळा आहे. तिन्ही ब्युरोंनी २०२२ पासून फेडलेली आणि २०२३ पासून ५०० डॉलरपेक्षा कमी मूळ रकमेची वैद्यकीय कलेक्शन रिपोर्टवरून काढली आहेत, आणि न फेडलेले मोठे बिलही एक वर्ष उलटल्याशिवाय तिथे येत नाही. त्या वर्षभरात विमा कंपनीचा पाठपुरावा करावा व रुग्णालयाकडे आर्थिक साहाय्याचा अर्ज मागावा.

आगाऊ पैसे घेऊन रिपोर्ट साफ करून देतो म्हणणाऱ्यांना दारात उभे करू नये; काम होण्याआधी शुल्क घेण्यास १९९६ च्या कायद्याने मनाई आहे. नोंद निघाल्यावरही काही महिने रिपोर्ट पाहत राहावा. काढलेली नोंद ब्युरोने परत घातली, तर तसे ५ कामकाजाच्या दिवसांत लेखी कळवणे त्यावर बंधनकारक आहे. कळवले नसेल, तर तोच मुद्दा पुढे करून पुन्हा तक्रार करावी.