कॉमा दिसला की तोडू नका: सीएसव्ही फाइल वाचताना या चुका टाळा

नव्याने प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांचा कोड मी बरीच वर्षं तपासते आहे. सीएसव्ही फाइल, म्हणजे रकाने कॉमाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल, वाचायला दिली की पहिल्या पाच मिनिटांत जवळजवळ प्रत्येक जण तेच लिहितो: फाइल उघडायची, एकेक ओळ घ्यायची, कॉमावर स्प्लिट करायची, म्हणजे तोडायची. वरच्या वीस ओळी बरोबर छापून येतात. "मॅडम, चालतंय की!" म्हणत पोरं पुढच्या कामाला लागतात. तिथेच त्यांना थांबवावं लागतं, कारण एकविसाव्या ओळीत हे असतं:

१०७,"फ्लॅट ४, दुसरा मजला, कोथरूड, पुणे","१,२५,०००",नियमित

रकाने चार: क्रमांक, पत्ता, रक्कम, शेरा. कॉमावर तोडलं तर तुकडे पडतात नऊ. आपल्याकडच्या फाइलींमध्ये हे नेहमीचंच आहे. मु. पो., ता., जि. लिहिताना प्रत्येक टप्प्यावर कॉमा येतो आणि लाखाच्या रकमेत दोन कॉमा असतात. त्यामुळे "माझ्या डेटात कॉमा नाहीत" हे वाक्य मी आता ऐकूनच घेत नाही. आज नसतील, पुढच्या महिन्याच्या फाइलीत येतील.

तुकडे जास्त पडले की मंडळी जुगाड सुरू करतात. पत्ता मध्ये आहे ना, मग रक्कम शेवटून दुसरी घेऊ आणि अवतरणचिन्हं रिप्लेस करून उडवून टाकू. एका घाऊक व्यापाऱ्याच्या उधारीच्या यादीवर आमच्याकडच्या एका शिकाऊ मुलाने नेमकं हेच केलं होतं. हजाराच्या आतल्या सगळ्या रकमा बरोबर आल्या. पण "१२,५४०" मधून शेवटचा तुकडा उचलला गेला तो ५४०. बारा हजारांची उधारी पाचशे चाळीस झाली. कुठे एरर नाही, कुठे लाल अक्षर नाही. व्यापाऱ्याने स्वतः एकूण बेरीज पाहिली म्हणून कळलं. प्रोग्राम कोसळला असता तर मला बरं वाटलं असतं. कोसळलेला प्रोग्राम निदान खोटं तरी बोलत नाही.

अवतरणचिन्हं ही सजावट नाहीत, हे एकदा मनात पक्कं बसवा. हा प्रकार अनेक दशकं लेखी नियमांशिवाय चालू होता. ऑक्टोबर २००५ मध्ये आरएफसी ४१८० हा इंटरनेटवरचा तांत्रिक दस्तऐवज आला आणि त्यात रूढ पद्धत नोंदवली गेली. नियम अगदी थोडे आहेत. रकान्यात कॉमा, दुहेरी अवतरणचिन्ह किंवा नवी ओळ असेल तर तो अख्खा रकाना दुहेरी अवतरणात घालायचा. आतमध्ये अवतरणचिन्ह आलं तर ते दोनदा लिहायचं. इंचासाठी अवतरणचिन्ह वापरलं की हार्डवेअरच्या दुकानातला ६ इंची पाइप फाइलीत असा दिसतो:

२२,"६"" पाइप, पीव्हीसी",३४०

ही जोडीची अवतरणं पाहून "फाइल खराब आहे" म्हणत ती हाताने पुसणारे लोक मी पाहिले आहेत. फाइल व्यवस्थित असते. बिघडते ती त्या पुसण्यामुळे.

याच नियमांमुळे दुसरी मोठी चूक घडते, ती म्हणजे ओळीला नोंद समजणं. एक्सेलमध्ये एकाच सेलमध्ये ऑल्ट-एंटर दाबून पत्ता तीन ओळींत लिहिता येतो. तो सीएसव्हीत गेला की एक नोंद तीन ओळींवर पसरते, आणि ते नियमाला धरूनच आहे. पण तुमचा कोड आधी ओळी तोडून मग त्यांच्याकडे बघणार असेल तर त्या नोंदीचे तीन अर्धवट तुकडे होतात. म्हणून ओळी आपण कापायच्याच नाहीत, फाइल अख्खी सीएसव्ही वाचणाऱ्या लायब्ररीच्या, म्हणजे आयत्या कोडच्या, हाती द्यायची. पायथॉन या भाषेत फाइल उघडताना न्यूलाइन या पॅरामीटरला रिकामी स्ट्रिंग द्या. पायथॉनच्या अधिकृत दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेलं आहे, तरी घाईत कोणी वाचत नाही. ती न देता विंडोजवर फाइल लिहिली की प्रत्येक नोंदीनंतर एक रिकामी ओळ दिसते, आणि मग त्या रिकाम्या ओळी गाळणारा आणखी एक लूप लिहिला जातो. दुखणं एकीकडे आणि पट्टी दुसरीकडे.

आता ज्या चुकीने माझी झोप उडवली होती ती सांगते. एका पतसंस्थेच्या सभासदांना वार्षिक सभेचा निरोप मेसेजने पाठवायचा होता. यादी सीएसव्हीत होती आणि रकाने सहा: क्रमांक, नाव, पत्ता, मोबाइल, भाग रक्कम, शेरा. वाचायला पायथॉनचं सीएसव्ही मॉड्यूल, त्यातला डिक्टरीडर, जो प्रत्येक रकान्याची किंमत त्याच्या नावाच्या किल्लीखाली देतो. म्हणजे स्प्लिटचा बावळटपणा नव्हता, सगळं शहाण्यासारखं केलं होतं. मेसेज गेले. एकच नंबर चुकीचा म्हणून परत आला. एवढ्या मोठ्या यादीत एखादा नंबर चुकणारच, असं म्हणून आम्ही ते सोडून दिलं.

सभेच्या आदल्या दिवशी फोन यायला लागले. एकाच भागातल्या बऱ्याच जणांना निरोप मिळालाच नव्हता. यादी उघडली तर त्यांची नावं तिथे होती, नंबरही बरोबर होते. रात्री साडेअकराला फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली तेव्हा दिसलं. कोणीतरी नोटपॅडमध्ये २१४ क्रमांकाचा पत्ता दुरुस्त केला होता आणि पत्त्याच्या शेपटीबरोबर शेवटचं अवतरणचिन्हही पुसलं होतं. सुरुवातीचं तसंच राहिलं. आता पार्सरच्या, म्हणजे फाइल वाचून रकाने पाडणाऱ्या कोडच्या, जागी स्वतःला ठेवून बघा. अवतरण उघडलं आहे, ते मिटेपर्यंत जे येईल ते पत्त्याचाच भाग. कॉमा आला, पत्ता. ओळ संपली, पत्ता. पुढचा सभासद आला, तोही पत्ता. वाटेतले सगळे पत्ते कॉमाविना, म्हणून अवतरणाविना होते. २५१ क्रमांकाच्या पत्त्याला अवतरणचिन्ह होतं, ते पार्सरने मिटणारं मानलं. म्हणजे २१४ ते २५१ या अडतीस नोंदींची एक नोंद झाली आणि ३८ माणसांना निरोपच गेला नाही.

आणि तक्रार कोणीच केली नाही. २५१ च्या पत्त्यात एक कॉमा होता, त्यामुळे त्या जोडनोंदीत सहाऐवजी सात रकाने झाले. पण डिक्टरीडर जास्तीचे रकाने नन (None, म्हणजे 'काही नाही') या किल्लीखाली गुपचूप ठेवून देतो. मोबाइलच्या जागी तालुक्याचं नाव आलं, तोच तो परत आलेला एकमेव "नंबर". पुरावा आमच्या हातात होता आणि आम्ही तो बाजूला ठेवला. त्या ३८ जणांना दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एकेकाला फोन केले. काही जण वयस्कर होते, सभेला येण्यासाठी त्यांना मुलांना रजा काढायला सांगावी लागते. एका दिवसात ते कसं जमणार?

तेव्हापासून मी तीन गोष्टी सोडत नाही. पहिली, वाचताना स्ट्रिक्ट हा पर्याय चालू ठेवते. मग मिटणाऱ्या अवतरणानंतर कॉमा किंवा ओळीचा शेवट सोडून दुसरं काही आलं की पायथॉन तिथेच एरर देतो. त्या रात्री तो २५१ वर थांबला असता. दुसरी, प्रत्येक नोंदीचे रकाने मोजते आणि एकही कमीजास्त झाला तर काम थांबवते. "ती एक नोंद वगळून पुढे जाऊ या" हे मला मान्य नाही, कारण ती एक नोंद म्हणजे किती माणसं हे तुम्हाला माहीत नसतं. तिसरी, फाइल देणाऱ्याला आधी विचारते, "नोंदी किती आहेत?" आणि वाचून झाल्यावर तो आकडा जुळवते. ओळींची संख्या इथे उपयोगाची नाही, ओळ आणि नोंद वेगळी हे वर आलंच आहे. ही विचारणा अनेकांना किरकोळ वाटते. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त चुका हिनेच पकडल्या आहेत.

बाकीच्या चुका भराभर सांगते.

कॉमानंतर जागा सोडून अवतरण उघडलं असेल तर पायथॉन ते अवतरण मानत नाही, कारण जागा हासुद्धा रकान्याचाच भाग. अशा फाइलीसाठी स्किप-इनिशियल-स्पेस हा पर्याय आहे. मजकूर वर्डमधून चिकटवला असेल तर अवतरणं वळणदार येतात. पार्सरच्या लेखी ती साधी अक्षरं आहेत.

पहिल्या रकान्याचं नाव डोळ्यांना बरोबर दिसतं, पण किल्ली सापडत नाही? फाइलीच्या तोंडाशी बीओएम नावाचं अदृश्य अक्षर आहे. एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८-सिग द्या. उलट, तुम्ही लिहिलेली मराठी एक्सेलमध्ये कचऱ्यासारखी दिसत असेल तर तिथे तोच बीओएम हवा असतो.

कॉमाऐवजी अर्धविराम असेल तर दचकू नका, युरोपातल्या बऱ्याच संगणकांवर तीच पद्धत आहे, कारण दशांशचिन्हाची जागा तिथे कॉमाने घेतलेली असते. मायएसक्यूएलमधून काढलेल्या फाइलीत अवतरणाआधी बॅकस्लॅश असू शकतो. ती बोली वेगळी आहे, पार्सरला तसं सांगा.

लिहितानाही हाताने कॉमा जोडत बसू नका. जी लायब्ररी वाचते तीच लिहितेही.

पांडाज ही डेटा हाताळायची पायथॉनची लायब्ररी वापरणाऱ्यांनी सगळे रकाने आधी मजकूर म्हणून वाचावेत. नाहीतर एक पिनकोड रिकामा असला की बाकीच्यांचे ४११०३८.० होतात. "एनए" ही दोन इंग्रजी अक्षरं तर तो रिकामी जागाच समजतो आणि नामिबियाचा देश-कोड नेमका तोच आहे.

आणि मूळ फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका, "फक्त बघायला" सुद्धा नको. ७/१२ ची तारीख होते. पुण्याचा ०२० हा नुसता २० होतो. १२ आकडी नंबर घातांकाच्या रूपात दिसतो आणि सीएसव्हीत दिसतं तसंच साठवलं जातं, म्हणजे शेवटचे आकडे कायमचे गेले. १६ आकडी खात्याचा शेवटचा आकडा शून्य होतो. जनुकांच्या नावांच्या तारखा होतात म्हणून शास्त्रज्ञांच्या समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावंच बदलली. एक्सेलला सांगून उपयोग नाही म्हटल्यावर जनुकांना सांगावं लागलं! बघायचंच असेल तर नोटपॅड प्लस प्लससारखा एडिटर घ्या, नाहीतर फाइलीची प्रत काढून ती उघडा.

स्वतःचा पार्सर लिहावा का, असं मला नेहमी विचारतात. शिकण्यासाठी एकदा जरूर लिहावा. एकेक अक्षर वाचत जायचं आणि आपण अवतरणाच्या आत आहोत की बाहेर, एवढंच लक्षात ठेवायचं. बाहेर असताना कॉमा आला तर रकाना संपला, आत असताना आला तर ते साधं अक्षर. आत असताना अवतरण आलं तर पुढचं अक्षर बघायचं: तेही अवतरणच असेल तर एक अवतरण मजकुरात टाकायचं, नसेल तर बाहेर पडायचं. एक दुपार पुरते. ती दुपार घालवलेला माणूस पुन्हा स्प्लिट लिहीत नाही. कामावर मात्र लायब्ररीच वापरा. आणि नेटवरून उचललेलं, दोन ओळी लांबीचं, कोणालाच न समजलेलं रेजेक्स (मजकुरातला नमुना शोधायचं सूत्र) मला दाखवायला आणू नका. त्यापेक्षा तुमचा अर्धवट पार्सर आणा, आपण बसून तो पुरा करू.

माझ्याकडे छळ.सीएसव्ही नावाची सात नोंदींची एक फाइल आहे. कुठलाही नवा कोड आधी तिच्यावर चालवते. पत्त्यात कॉमा, लाखाची रक्कम, ६ इंची पाइप, तीन ओळींचा पत्ता, अवतरणात काहीच नसलेला रिकामा रकाना, कॉमानंतरची जागा, आणि शेवटी न मिटलेल्या अवतरणाची एक नोंद. पहिल्या पाच नोंदी नीट वाचल्या गेल्या पाहिजेत, सहावीला कोड काय करतो ते माहीत असलं पाहिजे, आणि सातवीला त्याने ओरडलं पाहिजे. सातवीला गप्प बसणारा कोड मी परत पाठवते.