पेट्रोल महाग, आभाळ भरलेलं: कामं एकाच फेरीत उरका

आज औषध, उद्या बँक, परवा भाजी अशा सुट्या फेऱ्यांत पेट्रोल नाहक जातं. थंड इंजिन पहिले काही किलोमीटर जास्तच पितं.

१. फ्रिजवर चिठ्ठी लावा. काम आठवलं की तिथंच खरडायचं.
२. तीन-चार कामं जमली की तासातासाचा हवामान अंदाज बघून कोरडी वेळ गाठा.
३. सगळ्यात लांबचं काम आधी. इंजिन तापतं, आणि मध्येच वारं सुटलं तर वाटेवरची उरलेली कामं सोडून सरळ घरी येता येतं. दूध-भाजी शेवटी.

कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घ्या (माझ्या पासबुकाचा एकदा लगदा झालाय). रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर मात्र गाडी घालू नका. फूटभर वाहतं पाणीही छोटी गाडी ढकलून नेतं.