सापडलेलं पिल्लू : आधी ऊब, मग दूध

मांजरीचं पिल्लू एकटं दिसलं म्हणून लगेच उचलू नका. आई बहुतेक वेळा खायला शोधायला गेलेली असते. पिल्लू सुरक्षित जागी असेल तर दोन-तीन तास लांबूनच लक्ष ठेवा. मात्र ते गार पडलेलं, जखमी किंवा माश्या बसलेलं असेल तर थांबू नका, घरात घ्या.

घेतल्या घेतल्या दूध पाजायची घाई नको. गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, जिवावर बेतू शकतं. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवा. पंजे आणि कान उबदार लागले की मग पाजा. गाईचं दूध नको, त्याने जुलाब होतात. मांजरीच्या पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते, तीच वापरा. पाजताना पिल्लू पोटावरच हवं, पाठीवर झोपवलं तर दूध फुप्फुसात जातं.

तीन आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाला आपणहून शी-शू करता येत नाही. दर वेळी पाजल्यावर ओल्या कोमट कापसाने शेपटीखाली हलकेच पुसा. हे बरेच जण विसरतात, आणि पिल्लू पोट फुगून तळमळतं.

पशुवैद्यांना मात्र शक्यतो त्याच दिवशी दाखवा.