४,२९,४९,६७,२९७ : मोठी संख्या तपासताना या चुका टाळा

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव, म्हणजेच २ चा ३२ वा घात अधिक १. मोठ्या संख्येवर हात बसवायचा तर मी मुलांना हीच देते, कारण हिने फर्मा या फ्रेंच गणितज्ञालाही चकवलं. हिच्या घराण्यातल्या, म्हणजे २ चा १, २, ४, ८ आणि १६ वा घात अधिक १ अशा, ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या पाचही मूळ संख्या. म्हणून पुढचीही मूळच असणार, असं त्याने १६४० मध्ये मांडलं. १७३२ मध्ये ऑयलर या स्विस गणितज्ञाने तिचे अवयव काढले: ६४१ × ६७००४१७.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. ३, ७, ११, १३ ने भाग जात नाही, शेवटी ७ आहे, की लगेच 'मूळ' असा शिक्का! अंकांची बेरीज ५९ येते, त्यावरून ३ ने भाग जात नाही एवढंच कळतं. शोध वर्गमूळापर्यंत न्यायला हवा, म्हणजे इथे ६५५३६ पर्यंत. काही मुलं संख्येच्या निम्म्यापर्यंत जातात. ती मेहनत वाया जाते. ऑयलरने तर वाट आणखी आखूड केली. या संख्येचा कोणताही मूळ विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो, हे त्याने सिद्ध केलं. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या प्रयत्नातच उत्तर! मला हे दरवेळी तितकंच सुंदर वाटतं.

दुसरी चूक कॅल्क्युलेटरची. आठ अंकी कॅल्क्युलेटरवर ही संख्या मावतच नाही. स्प्रेडशीटमध्ये ६५५३७ ने भागा: रकाना अरुंद असेल तर ६५५३५ दिसतं आणि पूर्ण भाग गेल्यासारखं वाटतं. खरं उत्तर ६५५३५.००००३ आहे, बाकी २. उलटा गुणाकार करून पाहा. ७ ला ५ ने गुणलं की शेवटी ५ येतो, आपल्या संख्येच्या शेवटी ७ आहे. एका अंकात चूक पकडली जाते.

स्वल्पविरामही सांभाळा. परदेशी पुस्तकात हीच संख्या ४,२९४,९६७,२९७ अशी छापतात. उतरवून घेताना एखादा अंक सहज गळतो.

प्रोग्रॅममध्ये उत्तर भलतंच आलं, तर आधी चलाचा, म्हणजे संख्या साठवायच्या जागेचा, आकार बघा. ३२ बिटांच्या बिनचिन्ह (ऋण संख्या न ठेवणाऱ्या) चलात या संख्येचा फक्त १ उरतो. ६४ बिटांचं चल घ्या. फर्माची कसोटी म्हणजे पायाचा 'संख्या वजा १' वा घात त्या संख्येने भागून बाकी १ येते का, हे बघणं. ती २ हा पाया घेऊन लावली, तर ही संख्या पास होते, संयुक्त असूनही. ३ हा पाया घेतला की नापास होते.

याच घराण्यातली पुढची संख्या वीस अंकी: १८४४६७४४०७३७०९५५१६१७. एक्सेलमध्ये ती टाइप केली, तर पंधरा अंकांनंतर शून्यं बसतात आणि विषम संख्या सम होऊन जाते. रकाना 'टेक्स्ट' केला, तर अंक टिकतात, पण भागाकार तिथे करू नका. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत पूर्णांकाला अशी मर्यादा नाही. तिथे २७४१७७ ने भागा, बाकी शून्य येईल.