कोंबड्यांच्या हगवणीवर लसूण-ओव्याचं पाणी

मोहोळजवळ माझ्या शेडात शंभरेक गावरान कोंबड्या आहेत. पावसाळ्यात खाली अंथरलेलं तूस ओलं झालं की पातळ विष्ठा सुरू होते, म्हणून तूस ओलं दिसलं त्याच दिवसापासून हे पाणी देतो.

पन्नास ग्रॅम लसूण खलबत्त्यात ठेचा. आमच्याकडे शेंगाचटणीचाच खलबत्ता वापरतो, घरात बोलणी बसतात ती वेगळी. ठेचल्यावर दहा मिनिटं तसाच राहू द्या. पाकळी फुटल्यावरच त्यात ॲलिसिन तयार होतं, जंतूंना मारक तेच. लगेच उकळलात तर नुसता वास उरेल. मी पहिल्या वर्षी तेच केलं होतं.

दोन चमचे ओवा कुटून लिटरभर कडकडीत पाण्यात टाका आणि लगेच झाकण घाला. ओव्यातलं थायमॉल वाफेबरोबर उडून जातं. गार झाल्यावर गाळा, लसूण मिसळा, पुन्हा गाळा, दहा लिटर पाण्यात घाला. सकाळी तहानलेल्या कोंबड्यांपुढे ठेवा, दुपारी उरलेलं ओतून टाका. सोलापूरच्या उन्हात ते आंबतं. तीन दिवस पुरे.

राणीखेत (मानमोडी) रोगावरची लासोटा लस पाण्यातून द्यायची असेल त्या दिवशी यातलं काही नको.

विष्ठेत रक्त दिसलं तर हा उपाय सोडा, ती कॉक्सिडिओसिस, म्हणजे आतड्यातल्या परजीवींची लागण असू शकते. पशुवैद्यकाकडे जा. दुकानातून कोलिस्टिन हे अँटिबायोटिक आणू नका, 2019 पासून कोंबड्यांसाठी त्यावर बंदी आहे.

आणि तूस बदला. ओल्या तुसावर लसूण काय करणार?