प्रकल्पातून शिकवायचं कसं: शाळेच्या छपरावरच्या पावसाचा हिशेब

प्रकल्प म्हटलं की सहामाहीच्या आदल्या रात्री दुकानातून आणलेली चित्रं, थर्माकोल आणि आईच्या अक्षरातली वही डोळ्यांसमोर येते. धडा संपल्यावर गुणांसाठी जोडलेलं ते शेपूट असतं. प्रकल्पाधारित शिक्षणात मात्र प्रकल्प करता करताच धडा शिकायचा असतो. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडल्या गेलेल्या नई तालीमचं, म्हणजे हाताने काम करत शिकण्याच्या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीचं, सूत्रही हेच होतं. म्हणून पहिला नियम असा की काम वर्गातच, तासिकेतच व्हायला हवं. घरी दिलं की ते पालकांचं होतं.

आठवीच्या वर्गाला जुलैत करता येईल असा एक प्रकल्प घेऊ.

प्रश्न ठरवा. ‘पाण्याचे महत्त्व’ हा प्रश्न नव्हे, त्यावर मुलं निबंध उतरवून आणतील. ‘आपल्या छपरावरचं पाणी साठवलं, तर शाळेच्या स्वच्छतागृहाला किती दिवस पुरेल?’ असं विचारा. याचं उत्तर आकड्यात येतं, गाईडमध्ये सापडत नाही आणि शाळा व्यवस्थापन समितीला ते खरोखर हवं असतं. समितीपुढे सादर करायची तारीख पहिल्याच दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात लिहा.

वेळ काढा. पाच आठवडे, आठवड्याला ४ तासिका. गणित, विज्ञान, भूगोल आणि मराठी यांनी प्रत्येकी एक द्यावी. वर्तुळाचं क्षेत्रफळ, एककांचं रूपांतर, पर्जन्यमापन, औपचारिक पत्र हे घटक त्याच महिन्यात धरा, म्हणजे पोर्शन मागे पडत नाही.

गट करा. ४० मुलांचे ५-५ चे ८ गट. मोजणं, नोंद, हिशेब, ताळा आणि सादरीकरण ही कामं दर आठवड्याला फिरवा. नाहीतर सुंदर अक्षराची मुलगी शेवटपर्यंत लिहीतच राहते, हिशेब तिच्या वाट्याला येतच नाही.

पर्जन्यमापक बनवा. प्रत्येक गटाला १० सेमी व्यासाचं खोल नरसाळं आणि एक लिटरची बाटली द्या. उथळ नरसाळ्यातून थेंब उसळून बाहेर जातात. बाटली विटांच्या मध्ये घट्ट बसवा. नरसाळ्याची कड आडवी आणि जमिनीपासून साधारण ३० सेमी वर हवी, नाहीतर चिखलाचे शिंतोडे आत येतात. झाड किंवा भिंत जवळ नको. तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर ठेवा. ही बाटली सुमारे १२७ मिमी पावसाला भरते, त्यामुळे कोकणात दोन लिटरची घ्या.

हवामान खातं सकाळी साडेआठला नोंद घेतं. शाळा अकराला भरत असेल तर अकराला घ्या, पण वेळ रोज तीच ठेवा. रविवारी कुणी जाऊ शकत नसेल, तर सोमवारी ‘दोन दिवसांचा एकूण’ असं स्पष्ट लिहा. निम्मं करून दोन रकान्यांत भरू नका.

खरी मजा पहिल्या नोंदीला येते. सुई नसलेल्या सिरिंजने मोजल्यावर बाटलीत ५५ मिलि पाणी निघालं की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘पाऊस ५५ मिमी!’ लगेच दुरुस्त करू नका. तेच पाणी आधी उभट पेल्यात, मग पसरट ताटलीत ओतायला सांगा. पाणी तेवढंच, उंची मात्र वेगळी. ‘मग भागायचं कशाने?’ हा प्रश्न मुलांकडून आला की वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकवायची वेळ झाली. नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ ७८.५ चौसेमी, ५५ भागिले ७८.५ म्हणजे ०.७ सेमी, अर्थात ७ मिमी.

छप्पर मोजा, पण खालून. कुणालाही वर चढू देऊ नका. उतरत्या छपराची तिरपी लांबी मोजली की उत्तर फुगतं. पागोळ्यांनी जमिनीवर पाडलेल्या एका रेघेपासून समोरच्या रेघेपर्यंतचं अंतर घ्यायचं. एक चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. २० बाय ६ मीटरच्या छपरावर ७ मिमीचे ८४० लिटर होतात. उडणारं, मुरणारं आणि सुरुवातीचं घाण पाणी म्हणून पाचवा हिस्सा वजा केला की सुमारे ६७० उरतात. स्वच्छतागृहात रोज किती बादल्या लागतात, ते तीन दिवस मोजून भागाकार करा.

पावसाने दडी मारली तर कृषी विभाग प्रसिद्ध करतो ते महसूल मंडळनिहाय आकडे वापरा.

आठ गटांचे आकडे जुळणार नाहीत. घाईने सरासरी काढून ते झाकू नका. कुणाचं नरसाळं कललंय, कुणावर फांदी आहे, हे मुलांनाच शोधू द्या. विज्ञानाची एक तासिका त्यासाठीच ठेवा. चौथ्या आठवड्यात गटांनी कच्चे अहवाल अदलाबदल करून तपासावेत. ‘छान आहे’ चालणार नाही. एक प्रश्न आणि एक दुरुस्ती लिहायचीच.

गुण २०. नोंदवही ६, हिशेब ६, अहवाल आणि पत्र ४, तोंडी ४. तोंडी मात्र प्रत्येकाची वेगळी, दोन-दोन मिनिटं. विचारा, ‘नरसाळं २० सेमी व्यासाचं असतं तर बाटलीत पाणी किती आलं असतं? पाऊस किती मिमी निघाला असता?’ पाणी चौपट, पाऊस तेवढाच. ‘दोन्ही चौपट’ म्हणणाऱ्यांच्या हाती पुन्हा पेला आणि ताटली द्या, आणि दोन दिवसांनी परत विचारा.